बाबांचे शेवटचे रिटर्न: माणूस गेल्यानंतर प्राप्तिकराचे काय करायचे?

बाबा गेले १२ नोव्हेंबर २०२४ ला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मोबाइलवर प्राप्तिकर खात्याचा एसएमएस आला. विवरणपत्र अजून भरलेले नाही, मुदत संपण्याआधी भरावे, असा. तो मोबाइल आईच्या उशाशीच असायचा. तिने मला संदेश दाखवला आणि विचारले, "आता हे कुणी भरायचं?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. "गेलेल्या माणसाचा कसला टॅक्स" असे दोघा-तिघा नातेवाइकांनी सांगितले होते, आणि मलाही ते पटले होते. ते चूक होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. दिवस-कार्य आटोपून घरातली माणसे आपापल्या गावी परतली की ज्याच्या हाती कागदांची पिशवी येते, त्याच्यासाठी हे आहे.

सगळ्याचे मूळ एका गोष्टीत आहे. मृत्यूची तारीख आर्थिक वर्षाचे दोन तुकडे करते. १ एप्रिलपासून त्या तारखेपर्यंतचे उत्पन्न गेलेल्या माणसाचे. त्याच्याच पॅनवर, त्याच्याच नावाने त्याचे विवरणपत्र भरायचे, फक्त सही करणारा वारस असतो. त्या तारखेनंतर त्याच ठेवींवर, त्याच घरभाड्यावर जे उत्पन्न येते ते वारसांचे, आणि ते वारसांच्या विवरणपत्रात जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम १५९ मध्ये होते. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, 'आकारणी वर्ष' (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) जाऊन 'कर वर्ष' आले, पण वारसाची जबाबदारी तीच राहिली. त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती हमखास निसटते. माणूस मे-जूनमध्ये गेला, तर बहुधा मागच्या पूर्ण वर्षाचे विवरणपत्रही भरायचे राहिलेले असते. मग दोन भरायची: एक मागच्या मार्चअखेरपर्यंतच्या वर्षाचे, दुसरे १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचे. दुसऱ्याची मुदत पुढच्या वर्षी येते, आणि तोवर घरात कुणाच्या लक्षात राहत नाही. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

बाबांचा हिशोब

आकडे मांडल्याशिवाय हे नीट कळत नाही, म्हणून आमचेच मांडतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. निवृत्तिवेतन महिना ५०,००० रुपये. शिवाय बँकेत २० लाखांची मुदत ठेव, ७ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाचे व्याज साधारण १,४०,००० रुपये.

एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने आणि नोव्हेंबरचे बारा दिवस, असे निवृत्तिवेतन झाले ३,७०,००० रुपये. व्याजासाठी दिवस मोजले: १ एप्रिल ते १२ नोव्हेंबर २२६ दिवस. १,४०,००० चे त्या प्रमाणात ८६,६८५ रुपये. निवृत्तिवेतनातून प्रमाणित वजावट ७५,००० पूर्ण मिळते. उरले ३,८१,६८५.

मला वाटले होते की वर्ष साडेसात महिन्यांचेच झाले, तर करमाफीची मर्यादाही तेवढीच कापली जाईल. तसे नाही. माणूस २ एप्रिलला जावो की ३० मार्चला, मूळ सूट, प्रमाणित वजावट आणि कराचे टप्पे पूर्ण वर्षाचेच लागतात. नव्या कररचनेत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची सवलत होती, म्हणून बाबांचा कर शून्य झाला.

कर शून्य, तरी विवरणपत्र भरणे सक्तीचेच होते. मूळ सूट तेव्हा ३ लाखांची होती आणि उत्पन्न तिच्यावर गेले होते. ८७अ ची सवलत कर माफ करते, विवरणपत्र माफ करत नाही. हा गोंधळ जिवंत माणसांचाही होतो. आता, म्हणजे २०२५-२६ पासून, नव्या रचनेत मूळ सूट ४ लाख आहे आणि सवलत १२ लाखांपर्यंत, त्यामुळे आमच्यासारख्या प्रकरणात सक्ती राहणार नाही. पण सक्ती नसली तरी भरावे, असे माझे ठाम मत आहे. कारण बँकेने कापलेला टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर, परत मिळवायचा दुसरा मार्ग नाही.

बँकेने वर्षभराच्या व्याजावर दहा टक्के, म्हणजे १४,००० रुपये टीडीएस कापला होता, आणि तो सगळा बाबांच्या पॅनवर जमा दाखवला होता. इथे खरी गुंतागुंत आहे.

एका पॅनवरचा टीडीएस, दोघांचे उत्पन्न

वर्षाच्या १,४०,००० व्याजापैकी ८६,६८५ बाबांचे. उरलेले ५३,३१५ रुपये १२ नोव्हेंबरनंतरचे. बाबांच्या नोंदणीकृत इच्छापत्राप्रमाणे ठेव आईकडे जाणार होती, म्हणून ते व्याज आईचे उत्पन्न. फॉर्म २६एएस आणि एआयएस ही खात्याकडची कापलेल्या कराची व उत्पन्नाची नोंदपत्रके मात्र पूर्ण १,४०,००० बाबांचेच दाखवत होते, कारण संगणकाला माणूस गेल्याचे कळलेले नव्हते.

नियम असा आहे की ज्याचे उत्पन्न, त्यालाच त्यावरच्या टीडीएसचे श्रेय. त्या वर्षी लागू असलेल्या प्राप्तिकर नियम ३७बीए मध्ये याची वाट दिलेली होती. वारसाने बँकेला लेखी निवेदन द्यायचे की अमुक तारखेनंतरचे व्याज माझे आहे, टीडीएस माझ्या पॅनवर दाखवा. आम्ही बँकेत मृत्यूचा दाखला जानेवारीत दिला, पण हे निवेदन द्यायचे असते हेच माहीत नव्हते. नंतर शाखेत विचारले तेव्हा "असे काही होत नाही" हे उत्तर मिळाले. तुम्ही हे निवेदन ठेव नावावर करून घेण्याच्या अर्जासोबतच द्या आणि पोच घ्या. पुढचे निम्मे काम तिथेच वाचते.

आम्ही शेवटी विवरणपत्रातूनच मार्ग काढला. टीडीएसच्या तक्त्यात 'दुसऱ्या व्यक्तीच्या हाती' असा रकाना असतो. बाबांच्या विवरणपत्रात त्यांच्या हिश्श्याचे ८,६६९ रुपये मागितले आणि बाकीचे ५,३३१ आईच्या पॅनकडे दाखवले. आईच्या विवरणपत्रात तेवढेच बाबांच्या पॅनवरून घेतले. यासाठी आईला आयटीआर-१ चालला नाही. दुसऱ्याच्या पॅनवर कापलेल्या टीडीएसचे श्रेय घ्यायचे असेल तर तो सोपा फॉर्म बंद असतो, म्हणून आयटीआर-२ भरला.

सगळे व्याज बाबांच्याच नावावर दाखवून मोकळे व्हा, असा सल्ला आम्हालाही मिळाला. आमच्या आकड्यांत कराचा फरक पडला नसता. पण भाडे, शेअर, मोठ्या ठेवी असतील तर फरक लाखांत जातो, आणि मृत्यूनंतरच्या उत्पन्नावर मृताच्या नावाने सही करणे हे मुळातच खोटे विधान आहे.

आईला १३ नोव्हेंबरपासून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. ते तिचे स्वतःचे उत्पन्न, पण 'पगार' या सदरात न जाता 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' यात जाते. त्यामुळे ७५,००० ची प्रमाणित वजावट त्याला लागत नाही. त्याऐवजी एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम नव्या कररचनेत वजा होते. जुन्या रचनेत ही मर्यादा १५,००० आहे. आणि मृत्यूनंतर चुकून जमा झालेले निवृत्तिवेतन उत्पन्न नव्हे. ते परत करायचे असते, ते खर्चू नका.

ओटीपी बाबांचा, सही कुणाची?

माझ्या धाकट्या भावाला बाबांचा पासवर्ड माहीत होता, मोबाइलही घरातच होता. "लॉगिन करून भरून टाकू, ओटीपी येतोच आहे," तो म्हणाला. पुष्कळ घरांत असेच होते. करू नका. विवरणपत्राच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असे प्रतिज्ञापत्र असते आणि ते करणारा माणूस हयात नाही.

योग्य मार्ग फार अवघडही नाही. वारसाने ई-फायलिंग पोर्टलवर स्वतःच्या पॅनने लॉगिन करायचे. 'ऑथराइज्ड पार्टनर्स' मध्ये 'रजिस्टर अ‍ॅज रिप्रेझेंटेटिव्ह असेसी' निवडायचे आणि प्रकारात 'डिसीज्ड (लीगल हेअर)'. मग मृताचे पॅन, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. खात्याने मान्यता दिली की आपल्याच लॉगिनमधून मृताच्या नावाने विवरणपत्र भरता येते.

वारसाचा पुरावा म्हटले की माणसे घाबरतात, कारण कोर्टाचा वारस दाखला म्हणजे महिनोन्‌महिने. महाराष्ट्रात तो आजही १८२७ च्या मुंबई नियमावलीखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. पण या नोंदणीसाठी कोर्टाचाच दाखला लागतो असे नाही. महसूल खात्याने दिलेला वारसांचा किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला चालतो. नोंदणीकृत इच्छापत्र चालते. सरकारने दिलेले कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रमाणपत्र चालते. बँकेच्या शिक्क्याचे व सहीचे, खात्यावरच्या नॉमिनीचे किंवा सहखातेदाराचे नाव सांगणारे पत्रसुद्धा चालते. हे शेवटचे सर्वांत लवकर हाती येते. आमच्याकडे इच्छापत्र होते, तेच जोडले.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत व्हायला हवी. दाखल्याच्या दहा-बारा प्रती त्याच वेळी घ्या. नाव पॅनप्रमाणे, आधारप्रमाणे आहे का ते खिडकीवरच तपासा. आमच्या दाखल्यात आजोबांच्या नावाची वेलांटी चुकली होती आणि दुरुस्तीला तीन आठवडे गेले.

नॉमिनीबद्दल एक खुलासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती दिले जातात, हक्क वारसांचा राहतो. शेअर आणि डिबेंचरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे एक भाऊ नॉमिनी आणि इच्छापत्र नाही, अशी स्थिती असेल तर मृत्यूनंतरचे व्याज त्या एकट्याचे धरायचे नसते, ते सगळ्या वारसांत हिश्श्याने जाते. इच्छापत्रात व्यवस्थापक नेमलेला असेल, तर वाटणी पूर्ण होईपर्यंत मृत्यूनंतरच्या उत्पन्नाची जबाबदारी त्याच्यावर, आणि ते त्याच्या स्वतःच्या उत्पन्नात न मिसळता वेगळे दाखवायचे.

वाटणीची घाई

हा भाग नीट वाचा, कारण इथली चूक खिशाला लागते.

मृताचा थकलेला कर वारसाकडून वसूल होऊ शकतो, पण मर्यादा आहे: मागे राहिलेल्या मालमत्तेतून जेवढे भागेल तेवढेच. मालमत्ता १० लाखांची आणि कर १४ लाखांचा निघाला, तर वारसाने आपल्या पगारातून वरचे ४ लाख भरायचे नसतात. हे ऐकून दिलासा वाटतो. मात्र वर सांगितलेल्या कलम १५९ मध्येच असेही म्हटले आहे की कर बाकी असताना वारसाने ती मालमत्ता विकली, वाटून टाकली किंवा तिच्यावर बोजा चढवला, तर त्या मालमत्तेच्या किमतीएवढा तो व्यक्तिशः जबाबदार होतो. तीन भावंडांनी ठेवी मोडून वाटून घेतल्या, एकाने घराच्या हप्त्यात घातल्या, एकाने लग्नात, आणि मग नोटीस आली, असे घडते. जुने रिटर्न, आधीच्या नोटिसा, पोर्टलवरची थकबाकी हे सगळे पाहून, शेवटचे विवरणपत्र भरून, मगच वाटणी करा. नाहीतर काही रक्कम बाजूला ठेवा. मोठ्या भावाला हे सांगताना वाईटपणा येतो, तो घ्या.

मृताच्या नावाने नोटीस आलीच तर घाबरून गप्प बसू नका. मृत व्यक्तीच्या नावे काढलेली पुनर्आकारणीची, म्हणजे जुना हिशोब पुन्हा उघडणारी नोटीस वैध नसते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. पण खाते वारसाच्या नावे मुदतीत योग्य नोटीस काढू शकते. ही मुदत सर्वसाधारण प्रकरणात आकारणी वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिने, आणि दडलेली रक्कम ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षे तीन महिने आहे. म्हणून बाबांची कागदांची पिशवी अजून कपाटात आहे.

दुकान, व्यवसाय असेल तर जीएसटीची नोंदणी रद्द करणे किंवा वारसाच्या नावाने नवी घेणे हे वेगळे काम आहे, त्यासाठी सीए गाठा. शेअर बाजारात झालेला आणि पुढे ओढलेला भांडवली तोटा माणसाबरोबर संपतो, वारसाला तो वापरता येत नाही.

वारसाकर आहे की नाही?

भारतात आज नाही. वारशाने किंवा इच्छापत्राने मिळालेली मालमत्ता कितीही मोठी असली तरी ती मिळाल्याबद्दल कर नाही, वेगळे 'संपदा विवरणपत्र' नाही. पण एके काळी होते. १५ ऑक्टोबर १९५३ पासून आपल्याकडे मृत्यूकर लागू झाला, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. पुढे सर्वांत वरच्या टप्प्यावर, २० लाखांपलीकडच्या संपत्तीवर, त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. तरीही वसुली तुटपुंजी आणि खटले फार, म्हणून विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना तो लागत नाही. निवडणुकीच्या दिवसांत हा विषय पुन्हा पुन्हा निघतो आणि माणसे घाबरून घरे घाईने मुलांच्या नावावर करतात. त्या घाईला आजच्या कायद्यात काही आधार नाही.

कर लागतो तो वारसाने मालमत्ता विकल्यावर. तेव्हा खरेदीची किंमत आणि तारीख मूळ मालकाची धरतात. समजा वडिलांनी १९९२ मध्ये पुण्यात फ्लॅट घेतला, ते २०१९ मध्ये गेले आणि मुलीने तो २०२५ मध्ये ७० लाखांना विकला. खरेदी २००१ पूर्वीची असल्याने खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, ते १० लाख होते असे धरू. महागाई निर्देशांक (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याचा सरकारी आकडा) न लावता नफा ६० लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ७,५०,०००. निर्देशांक लावला, जो २००१-०२ मध्ये १०० आणि २०२५-२६ मध्ये ३७६ आहे, तर किंमत ३७.६ लाख, नफा ३२.४ लाख, आणि २० टक्क्यांनी कर ६,४८,०००. वर उपकर. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घर-जमिनीला निवासी व्यक्तीला यातला कमी कर निवडता येतो. वारशाच्या प्रकरणात निर्देशांक मूळ मालकाच्या खरेदीच्या वर्षापासून मोजायचा की वारसाला मिळाल्याच्या वर्षापासून, यावर खूप वाद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका बक्षीसपत्राच्या खटल्यात मूळ मालकाचे वर्ष धरले आणि तेच तत्त्व वारशालाही लावले जाते. म्हणून जुने खरेदीखत, करारनामा, सोसायटीची पावती फेकू नका.

परदेशाशी धागा असेल तर चित्र पालटते. हिंजवडी-खराडीत अमेरिकन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या अनेकांकडे त्या कंपन्यांचे शेअर असतात. अमेरिकेत कधीच न राहिलेला माणूस गेला, तरी अमेरिकन कंपनीचे शेअर तिथली मालमत्ता धरले जातात आणि ६०,००० डॉलरच्या वर तिथला संपदा कर, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, लागू शकतो, सर्वांत वरचा दर ४० टक्के. त्यासाठीचा फॉर्म ७०६-एनए मृत्यूपासून नऊ महिन्यांत भरायचा असतो. तिथल्या नागरिकाला आणि कायमच्या रहिवाशाला हीच सूट २०२६ मध्ये दीड कोटी डॉलर आहे. भारताचा अमेरिकेशी या करापुरता करार नाही, त्यामुळे मधला मार्गही नाही. घरातल्या तरुण मुलाच्या खात्यात असे शेअर असतील तर घरच्यांना ते माहीत असायला हवेत.

बाबांच्या वर्षाची मुदत ३१ जुलैवरून वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती, म्हणून आम्ही वेळेत बसलो. एरवी ३१ जुलै चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्क देऊन भरता येते: उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यावर ५,०००.

परतावा यायला चालू आणि पोर्टलवर पडताळलेले खाते लागते. बाबांचे खाते आईबरोबर जोडखाते होते आणि सुदैवाने आम्ही ते बंद केले नव्हते. तुम्हीही परतावा येईपर्यंत करू नका. पॅनचेही तसेच. ते परत करण्याची सक्ती नाही, आणि करायचेच असेल तर विवरणपत्र, परतावा, शेअर-म्युच्युअल फंडांची नावे बदलणे हे सगळे उरकल्यावर आकारणी अधिकाऱ्याला पत्र द्यायचे. मोबाइल नंबर मात्र तोवर चालू ठेवावा लागतो. आम्ही बाबांचा नंबर वर्षभर रिचार्ज करत होतो. नोव्हेंबरमध्ये त्यावर शेवटचा संदेश आला: ८,६७० रुपये जमा. रक्कम दहाच्या पटीत केलेली होती. आईने तो वाचला आणि मोबाइल बंद करून कपाटात, त्या पिशवीत ठेवला.